रिक्षातून आलेलं रडणं

जाऊबाईला पोचवायला गाव जमलं तेव्हा ती ओसरीवर खाटेला टेकून भाकरी खात होती. वरणात कुस्करून मीच भरवत होते. पहिल्या दोघीतिघी बायका तोंडाला पदर लावून अंगणात शिरल्या आणि आम्हाला पाहून जागच्या जागी थांबल्या. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, त्या रडत रडत ढकलत आल्या. एकीने दारातच बसकण मारून कपाळावर हात मारला. गल्लीच्या तोंडाशी पुरुष उभे राहिले होते, आणि त्यांच्यातल्या कोणीतरी बांबू आणायला माणूस पाठवूनही दिला होता.

आणि या सगळ्यांच्या वर, लाउडस्पीकरमधून एक बाई गळा काढून रडत होती. "माय व माय, आते माहेरनी वाट कोनाकरता चालू व माय."

जाऊबाईच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

आमच्या शेजारची म्हातारी सगळ्यांत आधी भानावर आली. तिने खाटेकडे पाहिलं, आवाजाकडे कान लावला, पुन्हा खाटेकडे पाहिलं आणि म्हणाली, "अवं, रडी ऱ्हायनी ती तं हाईच शे."

खरं होतं. तो आवाज जाऊबाईचाच होता. आणि जाऊबाईला लकवा मारल्याला दोन वर्षं होत आली होती. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचा गेली. "हं" एवढंच निघायचं. पाणी हवं तरी हं, नको तरी हं. अशी बाई खाटेवर गप्प बसलेली आणि तिचाच आवाज गल्लीभर टाहो फोडतोय. हे पाहून रडायला आलेल्या बायकांची तोंडं उघडीच राहिली.

आमच्याकडे कोणी गेलं की निरोप धाडावा लागत नाही. घरातली बाई रडायला लागते, ते रडणं ऐकू गेलं की हातातलं काम टाकून निघायचं. कोण गेलं हे वाटेत विचारायचं. चूल पेटलेली असली तर विझवायची. त्या दिवशी तर विचारायचीही गरज नव्हती. रडणं आमच्या गल्लीतून येत होतं आणि आमच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली एकच बाई होती.

ते रडणं ज्या रिक्षातून येत होतं ती रिक्षा मी बोलावली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर, लिंबाखाली ती उभी होती. रिक्षावाला, चांगला पिकल्या मिशांचा माणूस, यंत्र चालू ठेवून देवळामागे चहा प्यायला गेला होता. माणसं धावताना पाहून तो उठला, कोन वारनं भो म्हणून विचारलं आणि डोक्यावरची टोपी काढून सगळ्यांबरोबर आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आपलीच रिक्षा रडते आहे हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं.

मग पुतण्या आला. जाऊबाईचा मुलगा. तो शेतात मिरचीला पाणी देत होता, त्याला कोणीतरी फोनवर सांगितलं की तुझी माय गेली. गुडघ्यापर्यंत चिखल, पायात काही नाही. गर्दीने वाट दिली. आई समोर बसलेली दिसत होती, तरी त्याने वाकून तिच्या पायाला हात लावून पाहिला. ऊन आहे का गार. मग तो सरळ रिक्षाकडे गेला आणि वायर हिसकून काढली. रडणं अर्ध्या शब्दात तुटलं.

परत येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. हा आवाज कुठून आला असं त्याने विचारलं. मी सांगितलं, नंदुरबारच्या डिजिटल वाचनालयातून.

"आजच्या आज काढी टाका," तो म्हणाला. "मन्ही मायनं काहीच नको तठे."

बायका आता सावरल्या होत्या. एकदा खोटं मरण ऐकू आलं की आयुष्य वाढतं, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, मग आता दहा वर्षं काही ही जात नाही, हिच्या सुनेला सांगा. थोडं हसू झालं. पुतण्या हसला नाही. बांबूला गेलेल्या माणसाला परत बोलवायला तो स्वतः गेला.

हे सगळं वर्धापनदिनामुळे झालं. त्या वाचनालयाला दहा वर्षं पुरी होत होती.

वाचनालय म्हणजे नंदुरबारला एका दुकानावरच्या दोन खोल्या. पुस्तकं थोडी, कॉम्प्युटर जास्त. जुन्या शाळांची हस्तलिखितं, लग्नातले फोटो, देवीच्या गाण्यांची फाटकी पुस्तकं, असं जे मिळेल त्याचे फोटो काढून तिथे ठेवतात. आणि आवाज ठेवतात. आमच्या अहिराणीतले, सातपुड्यातल्या भिली-पावरीतले, नवापूरकडच्या कोकणा लोकांच्या कोकणीतले. कोणालाही फोनवर ऐकता येतात. ते वाचनालय चालवणाऱ्या बाई पूर्वी आमच्या गावच्या शाळेत मास्तरीण होत्या. माझ्या पोरांना त्यांनीच शिकवलं. मी स्वतः चौथीपर्यंत. पुढे वाचायची सवय ठेवली ती त्यांच्यामुळे. त्या शाळेतली गोष्टींची पुस्तकं मला घरी न्यायला द्यायच्या.

वर्धापनदिनाच्या आधी त्यांनी मला बोलावलं. त्या म्हणाल्या, दहा वर्षं झाली, पण ज्यांचे आवाज आहेत त्यांनाच हे आपलं आहे हे माहीत नाही. गावोगाव कळवायचं आहे, तुम्ही प्रचारात या. मी म्हटलं, माझं काय काम. त्या म्हणाल्या, तुम्हाला लोकांशी बोलायची भीती नाही आणि सगळे बाजार तुम्हाला माहीत आहेत.

ते खरं. नवरा गेल्यावर मी वर्षानुवर्षं आठवडे बाजारात मिरची विकली. खांडबाऱ्याला रेल्वेने, खापरला एसटीने. पोतं डोक्यावर, तराजू काखेत. आता गुडघ्यांनी बाजार बंद केला, पण तिथल्या माणसांची तोंडं मला पाठ आहेत.

वाचनालयात कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी होती. ती रोज सकाळी लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडायची. उत्तरं भरपूर यायची. जोडलेले हात, गुलाबाची फुलं. पण आवाज उघडून कोणी ऐकतच नव्हतं, ते तिला कॉम्प्युटरवर दिसायचं आणि ती हिरमुसायची. भिंतीवर लावायला तिने कागद तयार केला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ज्ञानगंगा आपल्या दारी. मी वाचलं आणि म्हटलं, ही गंगा काढ. आमच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं, लोकांना वाटेल पाण्याची योजना आली, हंडे घेऊन येतील. बाई खूप हसल्या. मुलीला राग आला, पण तिने काढलं.

मग मी त्यांना मिरची कशी विकतात ते सांगितलं. मिरची चांगली आहे म्हणून ओरडत नाहीत. एक मोडायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायची. ठसका लागला की तो आपणच भाव विचारतो. तुम्ही वाचनालय आहे, वाचनालय आहे म्हणून ओरडता, आवाज कोणाच्या कानाशी धरलाय? रिक्षा करा. ज्या गावात जायचं त्याच गावचे आवाज लावा. भाषण नको. शेवटी एवढंच सांगा की असे आवाज आणखी आहेत, अमुक दिवशी नंदुरबारला या.

तसं ठरलं. पहिल्यांदा खापरला गेलो, बाजाराच्या दिवशी. एसटी स्टँडजवळ रिक्षा लावली आणि एका भिलाची गोष्ट लावली, अस्वलाची. मला भिली अर्धी कळते, त्यामुळे लोक माझ्या आधी हसायचे. भाजीवाल्या, कोंबडीवाले, मोळ्या घेऊन आलेल्या बायका सगळ्या सरकत सरकत रिक्षाभोवती आल्या. एका माणसाने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि सांगितलं, हा माझा मामा आहे, मागच्या होळीआधी वारला. पुन्हा लावा म्हणाला. पुन्हा लावलं. अस्वल झाडावरून पडतं तिथे तोही हसला, आणि मग गाठोडं उचलून गेला.

खांडबाऱ्याला स्टेशनबाहेर एका म्हातारीने रिक्षा अडवली. तिचंच गाणं चालू होतं. आम्हाला वाटलं खूश झाली असेल. ती भांडायला आली होती. माझी पुढची कडवी कुठे गेली, मी सगळं म्हटलं होतं, तुम्ही खाल्लीत का? मुलीने तिला फोनवर पूर्ण गाणं काढून दाखवलं तेव्हा ती शांत झाली, आणि मग स्टेशनच्या पायरीवर बसून तिने ते पूर्ण ऐकलं. तिची गाडी निघून गेली तरी ती उठली नाही.

मला त्या दिवसांत बाजाराची फार आठवण यायची. पूर्वी मी तिथे पोतं घेऊन बसायचे, तेव्हा या सगळ्या माणसांचे आवाज नुसते कानावर पडायचे. भाव करायचे, शिव्या द्यायचे, पोरांना हाका मारायचे. ते कोणी जपून ठेवावे असं तेव्हा कोणाला वाटलं नसतं. मलाही नाही. मला विक्रीची घाई असायची.

आमचं गाव सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, वर्धापनदिनाच्या दोनचार दिवस आधी. मुलीने आमच्या गावचं सगळं एका पेनड्राइव्हवर भरून रिक्षावाल्याला दिलं. सुरुवातीला कानबाईची, आमच्या श्रावणातल्या देवीची, दोन गाणी होती. ती लावून पाहिली, झकास वाजली, सगळे खूश झाले. त्यांच्यामागे काय आहे ते कोणी पाहिलं नाही. कानबाईची गाणी संपली, रिक्षावाला चहाला गेला होता, आणि यंत्र पुढच्या आवाजाकडे गेलं. मी जाऊबाईला भरवण्यात गुंतले होते, अजून गाणीच चालू आहेत असं धरून तिकडे कान दिला नव्हता.

तो आवाज कसा तिथे आला ते सांगते. त्या वेळी मी तिथे होते.

मिरचीच्या हंगामात आमच्या गावच्या बायका टेम्पोने नंदुरबारला जायच्या, मिरचीच्या पथारीवर. पथारी म्हणजे मोकळं मोठं मैदान, त्यावर लाल मिरची वाळत घातलेली. नजर जाईल तिथे लाल. आम्ही तिथे बसून देठं खुडायचो. हाताची आग व्हायची, डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी तोच हात चुकून तोंडाला लागला की झालं. तरी ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू. सगळ्याजणी एका ओळीत बसायचो, आणि जाऊबाई गायची.

ती माझ्या आधी या घरात आली. मी आले तेव्हा मला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती, तिने शिकवली. श्रावणात कानबाई बसली की तिच्या गाण्याशिवाय देवी उठायची नाही. लग्नात हळद तिच्या गाण्यावर लागायची. आणि कोणी गेलं की रडणंही तीच सुरू करायची. आमच्याकडे ते नुसतं रडणं नसतं, त्यात बोल असतात. मेलेल्या माणसाला नात्याने हाक मारायची, त्याचं काय काय राहून गेलं ते सांगायचं. एकीने सुरू करायचं, बाकीच्यांनी धरायचं. ती सुरू करायची आणि मी धरायचे. माझा आवाज तिला कधीच पसंत नव्हता.

पथारीवर एकदा दुपारच्या सुट्टीत बाई यंत्र घेऊन आल्या. वाचनालय तेव्हा नवीन होतं. सगळ्या बायका लाजल्या, एकमेकींना ढकलायला लागल्या. जाऊबाई लाजली नाही. कानबाईची गाणी तिने म्हटली, आम्ही धरली. त्या गाण्यांत मध्ये मध्ये शिंका आणि ठसके आहेत, मिरचीचे. बाईंनी ते काढले नाहीत, बरं केलं.

मग ती म्हणाली, गाणी काय कोणीही देईल, मी तुम्हाला रडणं देते. बायका ओरडल्या. मेल्याशिवाय रडू नये, घरावर येतं. ती म्हणाली, माझी माय मेलीच आहे की. मी तिला अजून रडलेलीच नाही.

ते मला माहीत होतं. तिची माय गेली तेव्हा ती बाळंतीण होती. हा पुतण्या जन्मून चारच दिवस झाले होते. सासऱ्यांनी सांगितलं, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीने मेल्या घरी जायचं नाही. माहेर शहाद्याच्या बाजूला, काही फार लांब नाही, पण ती गेली नाही. बाळाला दूध उतरणार नाही म्हणून घरातही तिला रडू दिलं नाही. मी तेव्हा त्या घरात नवी सून, तिच्या बाळंतिणीच्या खोलीत झोपायचे. ती भिंतीकडे तोंड करून पोराला पाजायची. सव्वा महिन्याने माहेरी गेली तेव्हा रडणाऱ्या बायका आपापल्या घरी गेलेल्या, मायची कापडं वाटून झालेली. एकटीने काय रडायचं. रडणं धरायला माणसं लागतात.

पथारीवर माणसं होती. तिने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि सुरू केलं. आम्ही धरलं. मुलगा झाला ते सांगायला आले नाही माय, तू विचारलं असशील, असं ती म्हणाली. माहेरची वाट आता कोणासाठी चालू, असं म्हणाली. खूप वेळ चाललं. बाईंचा हात यंत्रावर तसाच राहिला होता. संपल्यावर तिने तोंड पुसलं, मिरचीचा हात लागला आणि डोळे आणखी वाहिले, आणि ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुन्हा आवाज कावयागत शे व." कावळ्यासारखा म्हणे. सगळ्या हसल्या. ते हसणंही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. मग आम्ही पुन्हा देठं खुडायला बसलो.

तर ते रडणं पुतण्याला काढून टाकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई गावात आल्या, मुलीला घेऊन. मुलगी पेनड्राइव्हमुळे इतकी घाबरली होती की घरात यायला तयार नव्हती. मी म्हटलं, ये, इथे कोणी मेलेलं नाही. बाईंनी पुतण्याची माफी मागितली. मग म्हणाल्या, आमचा नियमच आहे, ज्याचा आवाज त्याच्या घरच्यांनी काढा म्हटलं तर काढायचा. ठेवा म्हणून आग्रह धरायचा नाही. आज काढला की तो कुठेच राहणार नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. कानबाईची गाणीही जातील.

पुतण्या म्हणाला, जाऊ द्या.

मुलीने मांडीवर कॉम्प्युटर उघडला. मला तेव्हा राग आला. मी म्हटलं, थांब. जिचा आवाज ती समोर खाटेवर बसली आहे, तिला कोणी विचारलं का? दोन वर्षांपासून या घरात सगळे तिच्या डोक्यावरून बोलतात. वाचा गेली म्हणून कान गेले असं नाही.

पुतण्या म्हणाला, "काकू, तुले काय शे त्यानं? लोके मन्हाकडे देखीसन हसतीन."

"हसतील," मी म्हटलं. "आठवडाभर हसतील. पण तू काय पुसतोयस ते तरी माहीत आहे का तुला?"

माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं आईने असंच, दाखवायला म्हणून रडून दिलं. कोणीच त्याला कधी सांगितलं नव्हतं. जाऊबाई सांगणारी नव्हती आणि मी म्हटलं तिचं ती बघेल. आता सांगितलं. ती तिच्या मायच्या मयताला गेली नाही, कारण तू चार दिवसांचा होतास. तुझं दूध तुटू नये म्हणून घरातही रडली नाही. जे रडली ते एकदाच, मिरचीच्या पथारीवर, आणि ते या डब्यात आहे. आता पूस.

गोड बोलायला मला कधी जमलं नाही. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने ऐकून घेतलं. तो आईकडे न पाहता म्हणाला, "मी तिना आवाज इसरी जायेल व्हतू, काकू. इसरी गयू ते बरं व्हतं. काल तो आवाज उना आनि तवयच फोन उना का माय गयी."

दोन वर्षांनी आईचा आवाज त्याच्याकडे आला तो मरणाच्या निरोपाबरोबरच. मला वाटत होतं तो लोकांच्या हसण्याला भितोय.

बाई खाटेजवळ गेल्या. वाकून त्यांनी जाऊबाईला विचारलं, ठेवू की काढू. जाऊबाई म्हणाली, हं. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा हं. मी म्हटलं, बाई, असं शाळेत विचारल्यासारखं विचारून तिला सांगता येणार नाही. लावा ते. फोनवर, हळू.

पुतण्या उठला, पण गेला नाही, उंबऱ्यावर बसला. मुलीने फोन खाटेवर ठेवला. आधी पथारीवरचा गोंगाट आला, कोणाची तरी शिंक आली. जाऊबाईने डाव्या हाताने पदर चाचपला. उजव्या हाताने ओढायची जन्माची सवय, डावीकडून तो नीट येईना. मी मदतीला हात पुढे केला तर तिने माझा हात उडवला. ओढत ओढत तिने तो तोंडावर घेतला. तेवढ्यात फोनमधल्या तिने सुरू केलं, माय व माय.

आणि पदराखालून आवाज आला, "माय व."

स्पष्ट. हं नाही. माय व. पुढच्या ओळीला नुसतं गुरगुरणं, आणि ओळ संपताना पुन्हा, "माय व." पथारीवर आम्ही धरायचो तशी ती स्वतःचंच रडणं धरत होती. तिला धरायला माणूस हवं, म्हणून मीही धरलं. बाईंना धरता येत नव्हतं, त्या नुसत्या बसून राहिल्या. मुलगी रडत होती, तिला अहिराणी अर्धीच कळत असेल.

यात चमत्कार काही नव्हता. पुढे नंदुरबारच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं. बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि गाणं दुसऱ्या जागी. एक जागा गेली तरी दुसरी राहते. मग हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

फोनमधलं रडणं संपलं, हसणं आलं, कावयागत आलं. जाऊबाईने पदर खाली केला. तिला घाम आला होता. तिने फोन डाव्या हाताने उचलला, उलटा, आणि छातीशी धरून ठेवला. मुलीने हळूच मागितला तर देईना.

पुतण्या उंबऱ्यावरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

मग त्याने मुलीला विचारलं, "मन्हा फोनमा येई का हाई?"

बाईंनी नंतर माझं ऐकून एक बदल केला. रडण्याचे आवाज वेगळ्या कपाटात ठेवले. कॉम्प्युटरमध्येही कपाटं असतात. ते आपोआप वाजत नाहीत, मागितले तरच उघडतात. रिक्षात तर कधीच नाही. मुलीने आता प्रत्येक पेनड्राइव्ह शेवटपर्यंत ऐकायचा असं ठरलं. शिंकांसकट.

वर्धापनदिन चांगला झाला. आम्ही कागद लावले, निरोप धाडले, बाजार केले, त्या सगळ्यापेक्षा रडणाऱ्या रिक्षाची बातमी पुढे गेली. लोक टेम्पो करून आले. कोण ती बाई, जिला जितेपणी गावाने रडून घेतलं, असं विचारत आले. बाईंनी त्यांना रडणं ऐकवलं नाही, कानबाईची गाणी ऐकवली, आणि तुमच्या घरात कोणाचा आवाज राहिला आहे ते विचारलं. त्या वर्षी सगळ्यांत जास्त आवाज आले ते असे, म्हाताऱ्यांना टेम्पोत घालून आणलेले. खापरचा तो गाठोडंवालाही आला. अस्वलाची गोष्ट आता तो सांगतो म्हणाला, मामासारखी जमत नाही, तरी ठेवा.

पुतण्या आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कानाला यंत्र लावून बसून राहिला, कार्यक्रम संपून सतरंज्या उचलायला लागले तरी. मी त्याला हाक मारली नाही.

मी अजून दुपारची जाऊबाईकडे जाते. पुतण्याचा फोन घरी असला तर ती डाव्या हाताने त्याकडे बोट करते. आम्ही दार लोटून घेतो, नाहीतर शेजारी पुन्हा चूल विझवतील. ती पदर ओढते. आता "माय व" च्या मागे "वाट" एवढा एक शब्द आणखी येतो. फोन बंद केला की पुन्हा हं. कधी कधी मला ती पथारी दिसते, ओळीने बसलेल्या आम्ही, लाल हात, आणि कोणाला कसली घाई नसल्यासारखा तिचा आवाज. घाई होती खरं तर. टेम्पो सुटायचा.

त्या दुपारी पथारीवर जाऊबाईचं रडणं धरणाऱ्या आमच्या गावच्या बायकांपैकी बाकीच्या सगळ्या गेल्या. जाऊबाई आहे आणि मी आहे.